नव्वदची रेषा

दिवाळी पाडव्याच्या सकाळी गडहिंग्लजच्या बाजारपेठेत पहिला दात पडला तो पावणेदहा वाजता, आणि तोही एका पैठणीपायी.

दात धाकट्या भावाचा होता आणि ठोसा थोरल्याचा. दोघं सख्खे. थोरल्यानं आधी विचारलं होतं, “मारू न्हवं?” आणि धाकट्यानं डोळे मिटून सांगितलं होतं, “हाण, पर दमानं.” ठोसा काही दमानं बसला नाही. धाकट्यानं तोंडातलं रक्त तळहातावर घेऊन बघितलं, आणि मग त्याला खराच राग आला. त्यानं उठून थोरल्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं गटाराच्या कठड्यावर आदळले. भोवतीची माणसं सोडवायला धावली नाहीत. ती त्यांच्या मनगटांवरच्या पट्ट्यांकडं बघत होती.

“ब्याण्णव!” कुणीतरी ओरडलं. “सोडू नको, धर तसाच!”

तीन मिनिटं दोघं एकमेकांना बुकलत राहिले. मग धाकट्याच्या मनगटावर हिरवा दिवा लागला. बारा मिनिटांनी आभाळातून घार उतरली. उडत्या गाडीला गावात घार म्हणत. तिनं एक चपटा खोका धाकट्याच्या पायाशी ठेवला आणि ती निघून गेली. धाकट्यानं खोका उचलला. थोरल्याकडं न बघताच तो घराकडं चालू लागला. खोक्यावर रक्ताचे चार ठिपके पडले होते.

गुरुलिंग हत्तरकी आपल्या दुकानाच्या फळीवर बसून हे सगळं बघत होता. विजेच्या जळालेल्या मोटारींना नवीन तांब्याची तार गुंडाळून देणं हा त्याचा धंदा. तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. एक चुकला तर मोटार पुन्हा जळते. गुरूचा वेढा कधी चुकत नसे. आताही त्याचे ओठ हलत होते. एकशे बारा, एकशे तेरा.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून तार त्याच्या हातून सुटली.

“गुरू,” पलीकडून आवाज आला.

“आक्का!”

नऊ वर्षांनी तो हा आवाज ऐकत होता.

“कशी हाईस म्हणून इचारू नको,” सुवर्णाक्का म्हणाली. “उद्या भाऊबीज हाय. यायचं असलं तर ये. बाराच्या आत ववाळते.”

“येतो. आत्ता निघतो बघ.”

“ऐक आधी. लुगडं नको मला, काय नको. ह्यांचं कानाचं यंत्र गेल्या आठवड्यात इहिरीत पडलं. दुसरा कान बी आता गेल्यातच जमा. नातू समोर हसतोय, ह्यांस्नी ऐकू येत न्हाई. चार दिस मागणी लावून बसलाव. ह्यांचा आकडा चाळिसाच्या वर चढत न्हाई. थंड माणूस. तवा तू ते यंत्र घेऊन ये.” मग ती म्हणाली, “तुझा चढंल. तुला काय अवघड हाय?”

फोन बंद झाला.

त्या शेवटच्या वाक्यात काय होतं ते गुरूला बरोबर कळलं. नऊ वर्षांपूर्वी भाऊबिजेलाच, नेसरी गावी आक्काच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, तो पाटावर बसला होता. सिद्राम दाजी समोर होते. गुरूची बायको त्याच महिन्यात माहेरी निघून गेली होती. दाजींनी हसत विचारलं, “यंदा जोडीनं न्हाई आलास? का तिच्यावर बी हात उचललास?” ते खरं होतं, म्हणूनच गुरू पाटावरून उठला. त्यानं दाजींच्या डाव्या कानशिलात अशी ठेवून दिली की कानाचा पडदा फाटला आणि आतला नाजूक शंखही कायमचा निकामी झाला. बायको परत आली नाही. आक्कानं दार लावून घेतलं. त्यानंतर राग आला की गुरू तार घेऊन बसायचा आणि वेढे मोजायचा. नऊ वर्षांत त्यानं कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

आता ही मनगटावरची पट्टी काय करते ते नीट समजून घेऊ, म्हणजे गुरूची अडचण कळेल.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. समोर वाघ आला, की त्या रक्तात एक रस सोडतात. त्यानं काळीज धडधडतं, श्वास वाढतो, तळहात घामेजतात. का, तर वाघाशी लढायचं असो नाहीतर पळायचं असो, अंग तयार हवं. घामात मीठ असतं आणि खारट पाण्यातून वीज सहज जाते. म्हणून पट्टीचा एक पदर तळहातावर येई आणि कातडीतून अगदी बारीक, न जाणवणारा प्रवाह सोडून बघे. जितकी वीज सोपी जाईल, तितका घाम जास्त. ठोके, श्वास आणि घाम यांची सांगड घालून ती शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवी. पळून ठोके वाढवणाऱ्यांना तिथं थारा नव्हता. श्रमाचा घाम आधी कपाळाला आणि पाठीला येतो, मनाचा घाम आधी तळहाताला. पट्टीला तो फरक कळे.

ही पट्टी काढली होती फार चांगल्या हेतूनं. पूर्वी ज्याचा खिसा जड त्याची वस्तू आधी येई. मग कुणा भल्या माणसांच्या डोक्यात आलं, की ज्याला खरी गरज आहे त्याला आधी मिळावी, आणि गरज अंगाला विचारावी, कारण तोंड खोटं बोलतं, अंग बोलत नाही. दम्यानं तडफडणाऱ्या लेकराच्या आईचा आकडा पंच्याण्णववर जाई आणि सातव्या मिनिटाला औषध दारात येई. लोकांनी त्या माणसांचे सत्कार केले. मग तोच नियम साड्यांना लागू झाला, मिक्सरला झाला, खेळण्यांना झाला. बाजारातल्या दुकानांत नुसते नमुने उरले. सणासुदीला मागण्या जास्त आणि घारी कमी, तेव्हा एक रेषा ठरायची. त्या दिवशी ती नव्वदवर होती. आकडा सलग तीन मिनिटं रेषेच्या वर राहिला तरच मागणी मंजूर. जीव वाचवणाऱ्या औषधांची यादी तेवढी वेगळी होती; कानाचं यंत्र नसलं म्हणून जीव जात नाही, ते त्या यादीत नव्हतं.

घोटाळा एवढाच झाला, की काळीज धडधडतंय हे पट्टीला कळे. कशासाठी धडधडतंय ते कळत नसे. लेकरासाठी कासावीस झालेली आई आणि शेजाऱ्याचं डोकं फोडायला निघालेला माणूस तिला सारखेच दिसत. लोकांच्या हे ध्यानात यायला एक दिवाळीसुद्धा लागली नाही. प्रेम हुकमी उसळत नाही. राग उसळतो.

गुरूनं दुकानाचं दार ओढून घेतलं, यंत्राची मागणी लावली आणि पट्टी बांधली. आकडा आला अडतीस.

तो दाजींच्या कानाचा विचार करू लागला. डोळे भरून आले. आकडा चौतिसावर उतरला.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या वंदनावहिनींना त्यानं सांगितलं, “वहिनी, मला जरा शिव्या द्या.”

“आत्ता? दळण टाकायचं हाय मला.” पण बाई मनाच्या चांगल्या. कमरेला पदर खोचून त्यांनी पाच मिनिटं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मध्येच त्या थांबल्या. “भावजी, तुमी हसायलाय.”

“हसत न्हाई वहिनी. तुमी ‘मुडद्या’ म्हणताना लई गोड दिसताय.”

“मर तिकडं!” असं म्हणून त्या दळणाला गेल्या. आकडा एकेचाळीस.

संध्याकाळपर्यंत गावभर हेच चाललं होतं. चावडीपाशी एका तरुण नवऱ्यानं बायकोला तिच्या बापाबद्दल असं काही सांगितलं, की तिनं आकाशकंदिलाची काठी त्याच्या डोक्यात घातली. लेकराची सायकल आली. बाई मात्र सायकल तिथंच टाकून एसटीत बसली. दोन मावशा एकमेकींच्या झिंज्या धरून पायरीवरून गडगडल्या. दवाखान्यात टाके घालायला रांग लागली, आणि रांगेत पुढं कोण यावरून आणखी दोघं भिडले.

भाऊबिजेच्या सकाळी आठ वाजता गुरू तालमीत गेला.

तालमीत आता कुस्त्या होत नसत. लाल माती तेवढी होती. येसबा पैलवान तिथं लोकांना तापवून द्यायचा. साठीचा माणूस, कान कोबीच्या गड्ड्यासारखे, गळ्यात जाड मफलर. त्याच्या स्वतःच्या मनगटावरही पट्टी होती.

“काय गा गुरू, तू?” येसबा म्हणाला. “तुझी चूल तर कवाच इझली.”

“पेटव. दाजींचा आकडा चार दिस चढंना, म्हणून आक्कानं त्यांचं कानाचं यंत्र मला आणाय सांगितलंय. बाराच्या आत नेसरीला पोचायचंय.”

“बस. आधी ऐक. खोटं बोलून राग येत न्हाई, मुंगी चावल्यागत हुतं आणि जातं. राग खऱ्यानं येतो. तवा मी खरंच बोलणार. मागनं माझ्या दारात येऊन रडायचं न्हाई. मागच्या साली एक मास्तर आलता, त्याला त्याचं खरं सांगितलं. खोका मिळाला, पर मास्तर अजून घरी गेला न्हाई.”

“बोल.”

येसबानं गुरूला मातीत उभं केलं आणि त्याच्या छातीवर तळहातानं ढकललं. “बायकू का गेली रं तुझी?”

“मी मारलं म्हणून.” बावन्न.

“किती येळा?”

“एकदा.”

“खोटं.” आणखी एक धक्का. गुरू भिंतीवर आदळला. “एकदा मारलंस, आणि एकदा तिनं दार लावून घेतलं म्हणून दार फोडलंस. गावाला ठाऊक हाय. दाराच्या फळ्या मीच बदलल्या.”

एकोणसाठ. गुरूचे ओठ हलले. एक वेढा, दोन वेढे, तीन.

“मोजू नको!” येसबानं त्याच्या तोंडावर चापट मारली. ओठ दातात सापडून फाटला. “मोजायला आलास व्हय हितं? दाजीच्या कानात मारलीस तवा मोजलं हुतंस?”

सदुसष्ट. एकाहत्तर. पुन्हा सहासष्ट. हे सगळं गुरूनं स्वतःला नऊ वर्षं रोज सांगितलं होतं; त्यात नवीन काही नव्हतं. येसबाच्या ते ध्यानात आलं. तो दोन पावलं मागं सरला, मफलर सारखा केला, आणि आवाज न चढवता म्हणाला,

“आक्कानं तुला का बोलावलं, सांगू?”

गुरूनं फाटलेल्या ओठावरचं रक्त पुसलं.

“आठवण आली म्हणून न्हवं. मानसं दाराला कुत्रं बांधत्यात बघ. बारा म्हैनं त्याच्याकडं कोण बघत न्हाई. काम पडलं की साखळी सोडत्यात. चार दिस तिनं आपल्या नवऱ्याचा आकडा बघितला आणि मग तिला तू आठवलास. तिला भाऊ नको हुता गा. तिला तुझा राग पायजे हुता.”

तुझा चढंल. तुला काय अवघड हाय.

नंतर काय झालं ते गुरूला तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. त्याची उजवी मूठ येसबाच्या तोंडावर बसली आणि बोटांच्या हाडांना दात लागले. येसबा मातीत पडला. गुरूनं मफलरला धरून त्याला उठवलं, भिंतीशी नेलं आणि गळा दाबून धरला. म्हाताऱ्याचं डोकं भिंतीवर एकदा आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं. चुन्याचा पोपडा निघून दोघांच्या खांद्यावर सांडला. मनगटावर त्र्याण्णव, पंच्याण्णव. मोजणी सुरू झाल्याची टिकटिक. एक मिनिट. दीड.

आणि त्याला गोड वाटत होतं. नऊ वर्षं उपाशी ठेवलेलं काहीतरी त्याच्या आत मिटक्या मारत जेवत होतं. बोटांखाली येसबाच्या गळ्याची शीर उडत होती, आणि आणखी दाबावंसं वाटत होतं. खोक्याची, यंत्राची त्याला आठवणसुद्धा नव्हती.

तेवढ्यात त्याची नजर येसबाच्या लोंबणाऱ्या हाताकडं गेली. पट्टीवर आकडा होता एकतीस.

म्हातारा शांत होता. सुतार रंधा मारताना असतो तसा. मार खाणं हे त्याचं रोजचं काम होतं.

गुरूचा हात आपोआप सैल झाला. राग आकडा चढवतो, भीतीही चढवते. लाज मात्र उतरवते, तिनं अंग गार पडतं. ऐंशी. एकाहत्तर. त्रेपन्न.

येसबा भिंतीला धरून खाली बसला. खोकला, थुंकला, मातीत रक्त आणि अर्धा दात पडला. तो चिडून म्हणाला, “थांबलास का गा? पन्नास सेकंद राहिलं हुतं की!”

“येसबा, मी तुला मारून टाकलं असतं.”

“मग? दोन म्हैन्यांत तिघांनी धरलाय गळा. पन्नास सेकंदांनी मी तुला लाथ घालणारच हुतो. परत उभा ऱ्हा.”

“नको.”

“आरं, पेटलेली चूल हाय, लगीच चढंल.”

“ठाऊक हाय,” गुरू म्हणाला. “म्हणूनच नको.”

तो तालमीतून बाहेर पडला तेव्हा साडेनऊ झाले होते. मागणी अजून लावलेली होती. भाऊबिजेच्या गर्दीत घारी आता एका पटांगणावरच उतरत होत्या, आणि तिथं शे-दीडशे माणसं जमली होती. गुरूच्या मनात आलं, कुणाच्या खोक्यात चुकून जादा यंत्र असलं तर पाया पडून मागावं. बुडत्या वेळी माणूस असलं काहीही मनात आणतो.

पटांगणात एकमेकांना तापवणं केव्हाच मागं पडलं होतं. आता नुसती मारामारी उरली होती. ज्यांचा आकडा रेषेपर्यंत जाऊन खाली आला होता, ते सर्वांत चवताळले होते. रेषाही वर सरकत होती. सगळेच चिडले तर नव्वदच्या वर गर्दी होणारच. रेषा त्र्याण्णववर गेली. पंच्याण्णववर गेली.

मग एका शेतकऱ्यानं कमरेची गोफण सोडली. ज्वारीच्या कणसांवरची पाखरं हाकलायची गोफण. त्यानं ती तीनदा डोक्यावरून फिरवली आणि धोंडा सोडला. घारीच्या पंख्याचा टणत्कार झाला. ती भोवऱ्यासारखी फिरत माणसांत कोसळली. पाती अजून फिरत होती. पुढं धावलेल्या एका माणसाची दोन बोटं उडाली, आणि तरीही त्यानं दुसऱ्या हातानं खोका ओढून घेतला.

“आणिक एक येतीया! पाड तिला!”

आता चार गोफणी फिरू लागल्या. नेम चुकलेले धोंडे माणसांवर पडत होते. एक गुरूच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. धडपडत तो गुडघ्यांवर पडला तर समोर एक लहान खोका फुटलेला. त्यानं तो झपकन ओढला. आत लहान मुलीचे चांदीच्या टिकल्यांचे बूट होते. कुणीतरी त्याच्या पाठीत लाथ घातली, सदरा खांद्यापासून फाडला आणि बूट हिसकावून घेतले. गुरूनं उलट हात उचलला नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. येसबाच्या दातांवर आपटून त्याची उजवी मूठ वांग्याएवढी सुजली होती आणि बोटं मिटत नव्हती.

मनगटावरची पट्टी थरथरली. ‘गडहिंग्लज गावावरची उड्डाणं थांबवली आहेत. आपली मागणी रद्द झाली आहे.’

पाठीमागं माणसं पडलेल्या घारीला लाथा मारत होती.

नेसरीच्या गाडीत त्याला कुणी काही विचारलं नाही. अर्ध्या प्रवाशांची तोंडं सुजलेलीच होती. सदरा बदलावा, तोंड धुवावं, हे त्याला गाडी सुटल्यावर सुचलं. बारा वाजायला पाऊण तास होता.

आक्काचं घर तेच होतं. अंगण, पलीकडच्या टोकाला कडब्याची गंजी, आणि समोर सोपा. सोप्यावर सिद्राम दाजी पाठमोरे बसून नातवासाठी नारळाच्या झावळीतल्या हिराची भिंगरी करत होते. गुरूनं हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. त्यानं पायरी चढून पुन्हा हाक मारली. सावली अंगावर पडली तसे दाजी वळले.

पायरीवर गुरू उभा होता. भुवईवर वाळलेलं रक्त, फाटका सदरा, सुजलेली मूठ.

दाजी हसले. “ये, ये गुरू!” बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. “लई दिसांनी! बस की. सुवर्णा, गुरू आलाय गं!”

ते मनापासून म्हणत होते. चेहऱ्यावर स्वागत होतं, आवाजात स्वागत होतं. फक्त मांडीवरच्या हातातल्या पट्टीवर चाळीसचे अठ्ठावन्न झाले. मग चौऱ्याहत्तर. मग एक्क्याण्णव.

टिकटिक सुरू झाली.

आक्का ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. निरांजन लावलेलं होतं. भावाकडं बघण्याआधी तिची नजर नवऱ्याच्या मनगटावर गेली. “आगं बया! एक्क्याण्णव! हिकडं रेषा नव्वदचीच हाय. चढला की ह्यांचा आकडा! अहो, चढला!” तिचं तोंड उजळलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच.

मग तिनं गुरूकडं बघितलं. पुन्हा पट्टीकडं बघितलं. हसू तिथंच थिजलं.

दाजी अजून हसतच होते. पण त्यांचा डावा हात हळूहळू वर येत होता. तो हात कानावर जाऊन बसला. दाजींना स्वतःला ते कळलंसुद्धा नसावं.

गुरूनं नऊ वर्षं वेढे मोजले होते. आक्का दार उघडेल, दाजी ‘ये’ म्हणतील, म्हणजे झालं, असं त्याला वाटत होतं. दार उघडलं होतं, दाजी ‘ये’ म्हणाले होते. पण दाजींच्या अंगाला त्या नऊ वर्षांचा पत्ताच नव्हता. त्या अंगाला एकच दिवस ठाऊक होता.

त्यानं एक पाऊल मागं घेतलं.

“थांब!” आक्का दबक्या आवाजात म्हणाली. आवाज दबका ठेवायची गरज नव्हती, तरी. “गुरू, थांब. अडीच मिनिटं. नुसता उभा ऱ्हा तितं.”

“आक्का, ते मला भ्यालेत.”

“कळतंय मला. कळत न्हाई व्हय? पर यंत्र येतंय की. काय करू नको तू. नुसता ऱ्हा.” तिनं निरांजनाला हाताचा आडोसा केला. “नातवाचा आवाज ऐकतील रं ते. अडीच मिनिटं भ्याले तर भ्याले. नऊ वर्सं भ्यालेतच.”

त्र्याण्णव. टिकटिक चालू होती. गुरू उभा राहिला. अर्धं मिनिट तो खरोखर उभा राहिला. कशासाठी आलो आपण? यंत्रासाठीच ना? ना कुणाला मारायचं, ना बोलायचं. नुसतं असायचं. याच्याहून स्वस्त भाऊबीज दुसऱ्या कुणा भावाला पडली नसती.

दाजींच्या कपाळावर घाम डवरला होता. हसू टिकवताना त्यांचा खालचा ओठ उडत होता. मांडीवरची भिंगरी खाली पडली, ती उचलायला ते वाकले नाहीत. कारण वाकलं असतं तर गुरूवरची नजर हटली असती.

सव्वा मिनिट राहिलं असताना गुरू वळला. तो पायऱ्या उतरला, सगळं अंगण ओलांडून कडब्याच्या गंजीपाशी गेला, आणि सोप्याकडं तोंड करून मातीत बसला. दोन्ही हात त्यानं गुडघ्यांवर उताणे ठेवले, तळवे वर, दिसतील असे. उजव्याची बोटं पूर्ण उघडत नव्हती. ती त्यानं डाव्या हातानं दाबून उघडली.

अठ्ठ्याऐंशी. टिकटिक थांबली.

“काय केलंस हे!” आक्का ओरडली. “एक मिनिट राहिलं हुतं! रिकाम्या हातानं आलास ते आलास, आणि येत हुतं ते बी घालवलंस!” तिनं ताट खांबापाशी खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि ती हमसून रडू लागली.

गुरूनं हातही हलवले नाहीत.

दाजी आळीपाळीनं दोघांकडं बघत होते. “काय म्हणायलाय त्यो?” त्यांनी विचारलं.

आक्कानं मान हलवली. काही नाही.

दाजींनी आपल्या मनगटाकडं बघितलं. सत्तर. बासष्ट. मग कानावरचा आपला हात त्यांच्या ध्यानात आला. तो त्यांनी खाली घेतला आणि जरा वेळ त्याच्याकडंच बघत राहिले. त्यांनी अंगणापलीकडं नजर टाकली. गंजीपाशी एक रक्ताळलेला माणूस हात उताणे ठेवून बसला होता. पंचावन्न. एकोणपन्नास.

“पाट दे त्याला,” दाजी म्हणाले.

आक्कानं वर बघितलं. डोळे पुसत ती सोप्यावर पाट मांडू लागली.

“हिकडं नको,” दाजी मोठ्यानं म्हणाले. “तिथंच दे.”

आक्का क्षणभर उभी राहिली. मग तिनं पाट काखेत मारला, दुसऱ्या हातानं ताट उचललं, आणि निरांजन विझू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत ती अंगणात उतरली.